सीप्झमधून जगाच्या बँकांत : आय-फ्लेक्सच्या वाढीचा इतिहास

बँकांचे हिशेब सांभाळणारे सॉफ्टवेअर भारतात लिहून स्वतःच्या नावाने जगभर विकणाऱ्या कंपन्यांत मुंबईच्या आय-फ्लेक्स सोल्युशन्सचे स्थान अगदी पुढचे आहे. सिटीकॉर्प या अमेरिकी बँकसमूहाच्या पोटी ती जन्मली, आफ्रिकेतल्या लहान बँकांत तिने धडे गिरवले आणि तिचे ‘फ्लेक्सक्यूब’ पुढे सलग काही वर्षे जगात सर्वाधिक विकले जाणारे बँकिंग सॉफ्टवेअर ठरले. २००८ पासून ही कंपनी ओरॅकल फायनान्शिअल सर्व्हिसेस सॉफ्टवेअर या नावाने ओळखली जाते. तिची वाढीची रीत त्या काळच्या इतर भारतीय सॉफ्टवेअर कंपन्यांहून वेगळी होती. पडेल ते काम घ्यायचे आणि माणसे पुरवायची, हा बहुतेकांचा मार्ग होता. या कंपनीने बँकिंग हा एकच धंदा धरला. त्यातली ज्यांच्याकडे कोणी फिरकत नव्हते अशी गिऱ्हाइके आधी घेतली, त्यांच्याकडे काम करता करता माल पक्का केला आणि मग मोठ्या बँकांची दारे ठोठावली.

अंधेरी पूर्वेला सीप्झ हा निर्यात विभाग १९७३ मध्ये उभा राहिला, तो इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या निर्यातीसाठी. तिथल्या गाळ्यांमध्ये सॉफ्टवेअरचा धंदा हळूहळू शिरला. निर्यातीसाठी संगणक आयात करायला तिथे सवलत होती आणि बाहेर परवान्यांचा जो जाच होता तो आत बराच कमी होता. सिटीकॉर्पने १९८५ मध्ये याच सीप्झमध्ये सिटीकॉर्प ओव्हरसीज सॉफ्टवेअर लिमिटेड ही कंपनी काढली. धंद्यातले लोक तिला तिच्या आद्याक्षरांवरून ‘कॉसल’ म्हणत. जगभर पसरलेल्या सिटीबँकेच्या शाखांसाठी सॉफ्टवेअर लिहिणे आणि सांभाळणे हे तिचे काम. सिटीबँकेच्या परदेशी शाखांत ‘कॉसमॉस’ नावाची प्रणाली चालत असे. तिच्या देखभालीतून मुंबईच्या अभियंत्यांना बँकेचा कारभार आतून कळत गेला. एखाद्या देशात हुंडी कशी वटते, पतपत्र कसे उघडले जाते, परकीय चलनाचा सौदा खतावणीत कसा उतरतो, हे ज्ञान पुस्तकात सापडणारे नव्हते. पुढे जे घडले त्याचे खरे भांडवल हेच होते. कंपनीच्या यशाचे श्रेय अनेकदा स्वस्त मनुष्यबळाला दिले जाते. पण तितकेच स्वस्त मनुष्यबळ शेजारच्या गाळ्यांतल्या कंपन्यांकडेही होते. बँकेच्या आतल्या खोलीत बसून शिकण्याची संधी मात्र त्यांना मिळाली नव्हती.

त्या काळी भारतातल्या बँकांना असे सॉफ्टवेअर विकणे जवळपास अशक्य होते. संगणक आला की नोकऱ्या जाणार, ही भीती बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनांना होती आणि या संघटना मजबूत होत्या. १९८३ मध्ये बँक व्यवस्थापने आणि संघटना यांच्यात यांत्रिकीकरणाचा पहिला महत्त्वाचा करार झाला. पाठोपाठ रिझर्व्ह बँकेचे डेप्युटी गव्हर्नर सी. रंगराजन यांच्या समितीने १९८४ मध्ये संगणकीकरणाचा आराखडा दिला. त्यातून शाखांमध्ये आली ती खतावणीत नोंदी करणारी ‘एएलपीएम’ यंत्रे. एका काउंटरचे काम त्यांनी सोपे केले, पण एक शाखा दुसरीला जोडली गेली नाही. जमाखर्चाची जाडजूड पुस्तके, टोकन घेऊन बाकावर बसलेले खातेदार आणि महिनाअखेरीस ताळा जुळेपर्यंत थांबणारे कारकून हे चित्र मुंबई-पुण्याच्या शाखांत नव्वदच्या दशकापर्यंत कायम होते. संगणकांना अधिक वाव देणारा करार व्हायला १९९३ उजाडले. म्हणजे भारतात बसून बँकांसाठी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना सुरुवातीला स्वदेशात गिऱ्हाईकच नव्हते.

सिटीकॉर्पच्या मुंबईतल्या व्यवसायाचे पुढे दोन भाग झाले. कॉसलने फक्त सिटीचे अंतर्गत काम करायचे आणि तिचा खर्च सिटीने उचलायचा. दुसरी कंपनी, सिटीकॉर्प इन्फर्मेशन टेक्नॉलॉजी इंडस्ट्रीज म्हणजे ‘सिटिल’, हिने सिटीबाहेरच्या बँकांनाही माल विकायचा आणि नफा कमवून दाखवायचा. सिटिलची नोंदणी १९८९ सालची, पण बाहेर विक्री करणारी कंपनी म्हणून ती नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला खऱ्या अर्थाने कामाला लागली. तिची सूत्रे राजेश हुक्कू यांच्याकडे होती. तंत्रज्ञानाची बाजू आर. रविशंकर यांनी सांभाळली. दीपक घैसास यांच्याकडे वित्त आणि पुढे भारतातल्या कारभाराची जबाबदारी आली. कंपनीच्या पहिल्या टप्प्याचा इतिहास मुख्यतः या तीन नावांभोवती फिरतो.

हुक्कू यांच्या डोक्यात तयार मालाचा धंदा होता. त्या वेळी भारतीय सॉफ्टवेअर कंपन्या प्रामुख्याने माणसांचे तास विकत. अमेरिकेतल्या गिऱ्हाइकाकडे प्रोग्रॅमर पाठवायचा आणि तो जितके महिने काम करेल तितके बिल लावायचे, याला धंद्यात ‘बॉडी शॉपिंग’ म्हणत. त्यात पैसे लवकर येतात आणि बुडण्याची भीती कमी असते. तयार मालाचे गणित याच्या नेमके उलटे आहे. आधी काही वर्षे खर्च करून सॉफ्टवेअर लिहायचे, मग ते विकत घेणारी पहिली बँक शोधायची. ती मिळाली नाही तर सगळा खर्च पाण्यात. पण एकदा माल उभा राहिला की दहावी प्रत विकायला पहिलीइतका खर्च येत नाही. सिटिलने हा धोका पत्करला. मात्र तिने सेवांचे काम सोडले नाही. वित्तसंस्थांना माणसे आणि प्रकल्पसेवा पुरवणारा विभाग पुढेही कायम राहिला आणि त्यातून येणाऱ्या पैशाने तयार मालाच्या वाईट महिन्यांत आधार दिला. ही जोड नसती तर कंपनी तगली असती का, याची शंकाच आहे.

सिटिलकडे सुरुवातीला दोन माल होते. ‘मायक्रोबँकर’ हे लहान आणि मध्यम बँकांचा सगळा कारभार, विशेषतः घाऊक आणि परकीय चलनाचे व्यवहार, सांभाळणारे सॉफ्टवेअर होते. ‘फिनवेअर’ किरकोळ खातेदारांच्या बचत आणि चालू खात्यांसाठी होते. हा माल युरोप-अमेरिकेतल्या मोठ्या बँकांना विकायला जाण्यात अर्थ नव्हता. त्यांच्याकडे मोठमोठे मेनफ्रेम संगणक होते, स्वतःचे शेकडो प्रोग्रॅमर होते आणि भारतीय कंपनीवर खात्यांचा भार टाकण्याची त्यांची तयारी नव्हती. सिटिल गेली ती आफ्रिकेतल्या इंग्रजीभाषक देशांत आणि इतर विकसनशील बाजारांत. तिथल्या बँका लहान होत्या. महागडी यंत्रणा त्यांना परवडत नव्हती आणि मोठे पाश्चात्त्य विक्रेते त्यांच्याकडे फारसे लक्ष देत नव्हते. साध्या, स्वस्त संगणकांवर चालणारे सॉफ्टवेअर ही त्यांची गरज होती. तीन-चार वर्षांत मायक्रोबँकरने या बाजारांत पाय रोवले.

या देशांकडे बघण्याची एक पद्धत अशी आहे की बडी गिऱ्हाइके मिळेनात म्हणून कंपनी तिकडे वळली. ते खरे असले तरी अपुरे आहे. वेगवेगळ्या देशांतल्या लहान बँकांनी या सॉफ्टवेअरला जो ताण दिला, तो एकाच मोठ्या बँकेने दिला नसता. बँकेचे नियम देशागणिक बदलतात आणि बदल अगदी बारीक ठिकाणी लपलेले असतात.

व्याजाचेच घेऊ. एक लाखाच्या ठेवीवर दरसाल दरशेकडा ६ दराने ९० दिवसांचे व्याज काढायचे आहे. वर्ष ३६५ दिवसांचे धरले तर ते १,४७९.४५ होते. ३६० दिवसांचे धरले तर १,५००. डॉलरच्या व्यवहारांत ३६० दिवसांचे वर्ष धरण्याची रीत आहे, रुपयाला आणि पौंडाला ३६५. एकाच बँकेत ही दोन्ही वर्षे शेजारीशेजारी चालतात. चलनांचेही तसेच. रुपयाला दशांश चिन्हापुढे दोन घरे लागतात, जपानी येनला एकही लागत नाही आणि कुवेती दिनारला तीन लागतात, कारण एका दिनारचे १,००० फिल्स होतात. आखातातल्या बहुतेक देशांत शुक्रवारी सुट्टी, तर त्याच बँकेचा न्यूयॉर्कमधला व्यवहार शनिवार-रविवारी बंद. तेव्हा शुक्रवारी मुदत संपणारा डॉलरचा सौदा कोणत्या तारखेला पुरा करायचा, हे सॉफ्टवेअरला ठाऊक असायला हवे. महागाई भडकलेल्या देशांत रकमा इतक्या लांबतात की ठरावीक अंकांची चौकट पुरत नाही, आणि मग एके दिवशी सरकार नोटेवरची शून्ये कापते. तुर्कस्तानने २००५ च्या पहिल्या दिवशी सहा शून्ये उडवली, घानाने २००७ मध्ये चार. त्या क्षणी बँकेतल्या प्रत्येक खात्याची शिल्लक एकाच वेळी बदलावी लागते. इस्लामी बँकांमध्ये तर व्याजच नाही. तिथे बँक वस्तू विकत घेते आणि ठरलेला नफा चढवून ती ग्राहकाला हप्त्यांनी विकते. नोंदींची सगळी रचनाच निराळी.

हे नियम प्रत्येक बँकेसाठी प्रोग्रॅममध्ये नव्याने लिहायचे म्हटले तर प्रत्येक देशात एक वेगळे सॉफ्टवेअर तयार होते आणि ते सांभाळता सांभाळता कंपनी बुडते. अनेक लहान विक्रेत्यांचे असेच झाले. सिटिलने या अनुभवातून जो धडा घेतला तो फ्लेक्सक्यूबच्या मुळाशी आहे. नियम प्रोग्रॅममधून काढून तक्त्यांत ठेवायचे आणि ते तक्ते बँकेच्याच अधिकाऱ्याने भरायचे. नवीन कर्जयोजना आणायची असेल तर अधिकारी पडद्यावर तिची व्याख्या करतो. कर्ज नोंदले गेले, रक्कम दिली गेली, व्याज चढले, हप्ता आला, मुदत वाढवली, अशी घटनांची यादी असते. प्रत्येक घटनेपुढे कोणते खाते नावे पडायचे आणि कोणते जमा व्हायचे हे लिहून ठेवायचे. एकाने भरायचे, दुसऱ्याने तपासून मंजूर करायचे. त्यानंतर त्या योजनेतली हजारो कर्जे त्याच साच्यातून जातात. प्रोग्रॅमची एक ओळही बदलावी लागत नाही. पुण्याच्या एखाद्या शाखेत चाळीस वर्षे खतावणी लिहिलेल्या माणसाला ही रचना लगेच समजली असती, कारण तिच्या तळाशी नावे आणि जमा यांचा जुनाच नियम आहे.

दरम्यान स्वदेशातला बाजार उघडत होता. १९९१ च्या आर्थिक सुधारणांनंतर रिझर्व्ह बँकेने जानेवारी १९९३ मध्ये नव्या खासगी बँकांसाठी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. त्यातून उभ्या राहिलेल्या बँकांपैकी एचडीएफसी बँकेची स्थापना ऑगस्ट १९९४ मध्ये झाली आणि १९९५ च्या सुरुवातीला मुंबईतून तिचा कारभार सुरू झाला. जुन्या वह्या नाहीत, जुनी यंत्रे नाहीत आणि संगणकाविषयी कर्मचाऱ्यांशी वाद नाही, अशी पाटी कोरी असलेली बँक सॉफ्टवेअर विकणाऱ्याला क्वचित मिळते. एचडीएफसी बँकेने सिटिलची दोन्ही सॉफ्टवेअर घेतली, घाऊक व्यवहारांसाठी मायक्रोबँकर आणि किरकोळ खात्यांसाठी फिनवेअर. खाते शाखेचे न राहता बँकेचे झाले. कुठल्याही शाखेतून पैसे काढता येणे ही सोय आज गृहीत धरली जाते, तेव्हा ती भारतात नवलाची होती. बँक वाढत गेली तसा तिच्या खात्यांचा भारही वाढला आणि सॉफ्टवेअरला मोठ्या संख्येची सवय होत गेली.

या विक्रीमागे आणखी एक गोष्ट आहे. एचडीएफसी बँकेचे त्या वेळचे व्यवस्थापकीय संचालक आदित्य पुरी सिटीबँकेतून आले होते. सिटीमध्ये घडलेले बँकर पुढे निरनिराळ्या देशांत निरनिराळ्या बँकांच्या प्रमुखपदी गेले आणि सिटिलच्या लोकांना त्यांच्याशी त्यांच्याच भाषेत बोलता आले. बँकेचे सॉफ्टवेअर हा जाहिरात बघून घ्यायचा माल नाही. चुकीची निवड झाली तर बँक उघडणार नाही, इतका हा गंभीर निर्णय असतो. अशा वेळी बँकर विचारतो ते एवढेच, हे आणखी कुठे चालते आणि ज्यांनी बनवले त्यांना बँक कळते का? सिटीच्या माजी अधिकाऱ्यांचे जाळे या प्रश्नाला उत्तर देत होते. कंपनीच्या वाढीत या जाळ्याचा वाटा जितका मोठा होता तितका तो नोंदला जात नाही.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर कंपनीने बंगळुरूच्या केंद्रात नवे सॉफ्टवेअर लिहायला घेतले. मायक्रोबँकर विकले जात असतानाच त्याला बाजूला सारणारा माल स्वतःच तयार करायचा, हा निर्णय सोपा नव्हता. पण जुन्या रचनेला मर्यादा होत्या आणि त्या मर्यादेत राहून मोठ्या बँकांकडे जाता येत नव्हते. १९९७ च्या सुमारास फ्लेक्सक्यूब बाजारात आले. ते ओरॅकलच्या डेटाबेसवर बांधलेले होते. ही निवड तेव्हा तांत्रिक होती, पुढे तीच मालकीच्या वळणावर महत्त्वाची ठरली. नवे सॉफ्टवेअर स्वतंत्र भागांचे होते. ठेवी, कर्जे, परकीय चलन, व्यापारवित्त यांपैकी हवे ते भाग बँकेने घ्यावेत आणि बाकीचे मागाहून जोडावेत. किरकोळ आणि घाऊक दोन्ही कामे याच नावाखाली आली.

वेळही अनुकूल होती. १ जानेवारी १९९९ ला युरोचा व्यवहार सुरू झाला आणि वर्षभराने सन २००० उजाडले. तारखेत वर्षाचे दोनच अंक ठेवणाऱ्या जुन्या प्रोग्रॅमना २००० आणि १९०० यांत फरक कळणार नव्हता. बँकांत व्याज तारखेवर चालते, त्यामुळे हा दोष तिथे सर्वांत घातक होता. जुने प्रोग्रॅम ओळ न् ओळ दुरुस्त करण्याऐवजी नवे सॉफ्टवेअर घेण्याकडे अनेक बँका वळल्या. भारतातही १९९८ च्या अखेरीस केंद्रीय दक्षता आयोगाने सरकारी बँकांना ७० टक्के व्यवसाय संगणकावर आणायला सांगितले. भ्रष्टाचार रोखण्यासाठी दिलेल्या या आदेशाने बँकांच्या सॉफ्टवेअरचा बाजार ढवळून निघाला.

सिटिलची एक अडचण मात्र तिच्या नावातच होती. एखाद्या बँकेने आपली सगळी खाती ज्या सॉफ्टवेअरवर ठेवायची, ते सॉफ्टवेअर प्रतिस्पर्धी बँकेच्या कंपनीकडून घ्यायचे का? सिटीची ओळख सुरुवातीला दार उघडत असे. बँका मोठ्या होत गेल्या तसे तेच नाव आड येऊ लागले. २००० मध्ये कंपनीने नाव बदलून आय-फ्लेक्स सोल्युशन्स केले. जून २००२ मध्ये तिचे समभाग लोकांना विकले गेले आणि मुंबईच्या शेअर बाजारांत तिची नोंदणी झाली. सिटीचा वाटा तरीही मोठा राहिला. पण कंपनी आता स्वतःच्या हिशेबाने चालते, तिचे आकडे सर्वांसमोर असतात, हे गिऱ्हाइकाला दाखवता येऊ लागले. नवे नाव मालाच्या नावाशी जुळणारे होते, त्यामुळे कंपनीपेक्षा प्रसिद्ध झालेल्या फ्लेक्सक्यूबचा फायदा कंपनीला मिळाला.

सिटीच्या दुसऱ्या कंपनीची वाट वेगळी ठरली. कॉसलचेही नाव बदलून ऑर्बिटेक झाले आणि २००२ मध्ये ती चेन्नईच्या पोलारिस सॉफ्टवेअर लॅबमध्ये विलीन झाली. एकाच घरातल्या, एकाच सीप्झमध्ये काम शिकलेल्या या दोन कंपन्या. अंतर्गत काम करणारीला पुढे दुसऱ्या कंपनीत सामावून जावे लागले, बाहेर विकणारी स्वतःच्या नावाने उभी राहिली. गुणवत्तेत दोघींत फार अंतर होते असे नाही. फरक पडला तो सुरुवातीला वाटून दिलेल्या कामाने.

मोठ्या बँकांकडे जाण्याचा टप्पा जपानमधल्या एका बँकेने गाजवला. टोकियोची लाँग टर्म क्रेडिट बँक १९९८ मध्ये कोसळली. सरकारने ती ताब्यात घेतली आणि २००० मध्ये एका अमेरिकी गुंतवणूकदार गटाला विकली. तिचे नवे नाव शिनसेई. प्रमुखपदी आले मासामोतो याशिरो, जे आधी सिटीबँकेच्या जपानमधल्या कारभाराचे प्रमुख होते. तंत्रज्ञानाची जबाबदारी धनंजय ‘जय’ द्विवेदी यांच्याकडे गेली. तेही सिटीचेच. उद्योगांना दीर्घ मुदतीची कर्जे देणाऱ्या बँकेला आता सामान्य खातेदारांकडे वळायचे होते. जपानच्या बँका त्या काळी अवाढव्य मेनफ्रेमवर चालत आणि नवी प्रणाली उभारायला त्यांना कैक वर्षे लागत. द्विवेदी यांनी मेनफ्रेम टाळले. बाजारात सहज मिळणारे सर्व्हर घेतले, फ्लेक्सक्यूब घेतले आणि काम लहान लहान तुकड्यांत पाडून साधारण वर्षभरात बँक उभी केली. जून २००१ मध्ये शिनसेईची किरकोळ सेवा सुरू झाली. दिवसरात्र चालणारी, शुल्क न घेणारी एटीएम सेवा हे तिथे मोठेच नावीन्य होते. जपानसारख्या काटेकोर बाजारात भारतीय सॉफ्टवेअर चालले, ही गोष्ट आय-फ्लेक्सच्या विक्रेत्यांना पुढे प्रत्येक बैठकीत सांगता आली. खुद्द सिटीनेही आपली जुनी कॉसमॉस प्रणाली काढून अनेक देशांत फ्लेक्सक्यूब बसवले. ज्या प्रणालीची देखभाल करत सीप्झमधले लोक बँकिंग शिकले, तिच्या जागी त्यांचाच माल गेला. ब्रिटनमधून निघणाऱ्या ‘इंटरनॅशनल बँकिंग सिस्टिम्स’ या नियतकालिकाच्या विक्रीच्या क्रमवारीत २००२ पासून काही वर्षे फ्लेक्सक्यूब पहिल्या स्थानावर होते.

या धंद्यात पैसा तीन वाटांनी येतो. पहिला परवाना शुल्काचा. तो एकरकमी असतो आणि बँकेच्या आकारावर ठरतो. दुसरा बसवण्याच्या कामाचा. जुन्या खात्यांची माहिती नव्या प्रणालीत आणणे, त्या देशाच्या मध्यवर्ती बँकेला लागणारी पत्रके तयार करणे, कर्मचाऱ्यांना शिकवणे यात वर्ष-दोन वर्षे जातात. तिसरा वार्षिक देखभाल कराराचा, ज्याला भारतात सगळे ‘एएमसी’ म्हणतात. परवान्याचा पैसा डोळ्यांत भरतो, पण कंपनी टिकते ती देखभालीच्या पैशावर. बँक एकदा एका सॉफ्टवेअरवर गेली की दहा-पंधरा वर्षे सहसा हलत नाही. हलणे किती कठीण असते ते बदलाच्या रात्री दिसते. शनिवारी संध्याकाळी बँक बंद होते. दिवसअखेरीचे काम चालते, म्हणजे प्रत्येक खात्यावर व्याज चढवले जाते, शिल्लक काढली जाते, ताळेबंद जुळवला जातो. मग लाखो खाती जुन्या प्रणालीतून नव्या प्रणालीत ओतली जातात आणि दोन्हीकडच्या बेरजा पैशापर्यंत जुळेपर्यंत कोणी उठत नाही. सोमवारी सकाळी काउंटर उघडायचेच असतात. हे दिव्य कोणतीही बँक वारंवार करत नाही. त्यामुळे जुने गिऱ्हाईक सहसा सुटत नाही. नवे गिऱ्हाईक मात्र फार महाग पडते. वाढायचे असेल तर आहे त्याच बँकेला आणखी काहीतरी विकावे लागते.

आय-फ्लेक्सने २००३ नंतर कंपन्या विकत घेतल्या त्या याच कारणाने. मिनियापोलिसची सुपरसोल्युशन्स कर्जांचे सॉफ्टवेअर करत होती. टोरांटोच्या कॅसटेककडे विम्याचे सॉफ्टवेअर होते. २००६ मध्ये सुमारे १२ कोटी २६ लाख डॉलर देऊन घेतलेली मँटास काळ्या पैशाचे व्यवहार हुडकणारे सॉफ्टवेअर बनवत होती. स्वतःच्या घरी ‘रेव्हेलियस’ हे जोखीम आणि नफ्याचे विश्लेषण करणारे सॉफ्टवेअर तयार झाले होते. २००१ च्या सप्टेंबरमधल्या हल्ल्यांनंतर अमेरिकेने संशयास्पद व्यवहारांवर कडक नजर ठेवायला सुरुवात केली आणि आंतरराष्ट्रीय बाझल नियमांनी बँकांना जोखमीचा हिशेब मांडायला लावला. नियम कडक झाले की असा माल खपतो. खरेदी केलेल्या या सगळ्या कंपन्या वित्तव्यवसायाच्या परिघातल्याच होत्या. दवाखाने, कारखाने किंवा दुकाने यांच्या सॉफ्टवेअरकडे कंपनी एकदाही वळली नाही.

स्पर्धाही कमी नव्हती. जिनिव्हाच्या टेमेनोसने अशाच मध्यम बँकांवर लक्ष केंद्रित केले होते. ब्रिटनच्या मिसिसकडे जुनी, स्थिरावलेली गिऱ्हाइके होती. इन्फोसिसचे ‘फिनॅकल’ भारतातल्या बँकांत जोरात शिरले आणि आयसीआयसीआय बँकेसारखे मोठे गिऱ्हाईक त्याला मिळाले. टाटा कन्सल्टन्सीने २००५ मध्ये सिडनीची एफएनएस विकत घेतली. स्टेट बँकेच्या प्रचंड पसाऱ्याला जोडणारी प्रणाली याच एफएनएसची होती. भारतातल्या सरकारी बँकांच्या मोठ्या कंत्राटांत आय-फ्लेक्सचा वाटा त्यामुळे मर्यादित राहिला. महाराष्ट्रातल्या नागरी सहकारी बँकांचा बाजार तर बराच काळ स्थानिक, स्वस्त विक्रेत्यांकडेच होता. मुंबईत जन्मलेले सॉफ्टवेअर आफ्रिकेत आणि आखातात शाखोपशाखी पसरले, पण कोल्हापूर-सांगलीच्या सहकारी बँकांपर्यंत ते क्वचितच पोचले. फ्लेक्सक्यूबचा भाव आणि ते बसवण्याचा खर्च या बँकांच्या आवाक्याबाहेरचा होता. हा तिच्या वाटचालीतला एक उणा भाग म्हणावा लागेल, कारण लहान बँकांसाठी स्वस्त सॉफ्टवेअर देऊनच तिची सुरुवात झाली होती.

ऑगस्ट २००५ मध्ये ओरॅकलने सिटीसमूहाच्या गुंतवणूक कंपनीकडचा सुमारे ४१ टक्के वाटा ५९ कोटी ३० लाख डॉलरला घेण्याचा करार केला. सिटीला या गुंतवणुकीतून बाहेर पडायचे होते. ओरॅकल त्या वेळी वेगवेगळ्या उद्योगांसाठी तयार सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपन्या झपाट्याने घेत होती आणि बँकिंगमध्ये तिच्याकडे डेटाबेसखेरीज फारसे काही नव्हते. फ्लेक्सक्यूब आधीपासून त्याच डेटाबेसवर चालत असल्याने तांत्रिक अडथळा नव्हता. पुढच्या वर्षी ओरॅकलचा वाटा निम्म्याच्या वर गेला. २००६ च्या उत्तरार्धात तिने उरलेल्या भागधारकांसाठी समभागाला १,४७५ रुपये देऊ केले. भागधारकांना ही किंमत कमी वाटली. बाजारभाव वर चढत गेला तशी ओरॅकलला किंमत टप्प्याटप्प्याने २,१०० रुपयांपर्यंत वाढवावी लागली. त्यानंतर तिचा वाटा ८० टक्क्यांच्या वर पोचला.

या व्यवहाराकडे दोन प्रकारे पाहिले गेले. भारतीय तयार मालाला जगातल्या अग्रगण्य सॉफ्टवेअर कंपनीने एवढी किंमत दिली, याचा अनेकांना अभिमान वाटला. स्वतःच्या नावाने जगात माल विकणारी एक दुर्मीळ भारतीय कंपनी परदेशी मालकीत गेली, याची हळहळही व्यक्त झाली. मालकीचा इतिहास पाहिला तर ती आधीही अमेरिकी समूहाच्याच पैशावर उभी होती. पण तिची दिशा ठरवणारे लोक मुंबईत बसत होते आणि कोणत्या देशात जायचे, कोणता माल लिहायचा, हे निर्णय इथे होत होते. या गोष्टीचे मोल समभागांच्या टक्केवारीत मोजता येत नाही आणि हळहळ तिच्याबद्दल असेल तर ती रास्त आहे.

ओरॅकलखाली कंपनीला अशी विक्रीयंत्रणा मिळाली जी तिने स्वतःच्या बळावर कधीच उभारली नसती. जगातल्या बहुतेक मोठ्या बँका ओरॅकलचे गिऱ्हाईक होत्या. दुसरीकडे फ्लेक्सक्यूब हा आता एका मोठ्या यादीतला एक माल झाला. एप्रिल २००८ मध्ये संचालक मंडळाने नाव बदलायला मंजुरी दिली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरपासून ओरॅकल फायनान्शिअल सर्व्हिसेस सॉफ्टवेअर हे नाव आले. मालाचे नाव मात्र बदलले नाही. सार्वजनिक भागधारकांकडे किमान २५ टक्के वाटा हवा या सेबीच्या नियमामुळे ओरॅकलचा हिस्सा पुढे ७५ टक्क्यांच्या आत आला. कंपनी मुंबई शेअर बाजारात आणि राष्ट्रीय शेअर बाजारात आजही स्वतंत्रपणे नोंदलेली आहे. तिचे नोंदणीकृत कार्यालय गोरेगाव पूर्वेला पश्चिम द्रुतगती महामार्गालगत आहे.